खड्ड्याला दोन बादल्या

आईच्या मृत्यूच्या कागदावर कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडणे’ असं लिहिलेलं आहे. ते खोटं नाही. हृदय बंदच पडलं होतं. ते कशानं बंद पडलं, तेवढं कागदावर नाही.

मी वारूळवाडीत राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आई-तात्या तळेघरच्या अलीकडे आमच्या वस्तीवर राहायचे. मेंढरं विकून बारा वर्षं झाली होती. वस्तीच्या वरच्या माळावर खालच्या गावच्या कुंडलिकशेटनी तंबूंचा कॅम्प टाकला, तेव्हापासून आई तिथं बाथरूम धुवायला जायची. वीस तंबू, आणि सगळ्यांना मिळून आठ बाथरूम, एका ओळीत, वर पत्रा. मागच्या शेडमध्ये चार गिझर आणि तिथून आठही नळांना लोखंडी पाइप. शनिवारी पुण्या-मुंबईची माणसं यायची. रविवारी सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभी राहायची.

आईकडे आणखी एक काम होतं. बाथरूमच्या मागं अर्थिंगचा खड्डा होता. त्यात रोज सकाळी मूठभर मीठ आणि दोन बादल्या पाणी घालायचं. वायरमन अमृतनं तिला तसं सांगून ठेवलं होतं. फोनवर ती मला मोठ्या दिमाखात सांगायची, “गिझर लावले आन् बलब मिणमिणला की समजायचं, खड्डा तहानला. मी पाणी घातलं की पुन्हा झक्क. माझ्याबिगर शेटचा कॅम्प चालायचा न्हाई, बाय.”

मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि हे ऐकून मी हसले होते.

मार्चच्या शेवटी आई डोळे तपासायला माझ्याकडे आली. शनिवार, रविवार राहिली. सोमवारी पहिल्या एसटीनं घोडेगाव करत परत गेली आणि रविवारची गर्दी सगळं घाण करून गेली असेल म्हणून घरी न जाता थेट कॅम्पवर चढली. त्या दोन दिवसांत खड्ड्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, आणि रविवारचे गिझर तसेच चालू राहिले होते. साडेनऊला तिच्याबरोबर काम करणाऱ्या साळुबाईला ती तीन नंबरच्या बाथरूममध्ये नळाखाली पडलेली दिसली. उजव्या हातात ब्रश तसाच होता. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. साबणाच्या फरशीवर चप्पल सरकते म्हणून ती अनवाणीच धुवायची.

ओल्या कातडीवर विजेचा डाग उठेलच असं नसतं. डॉक्टरांना डाग दिसला नाही. कुंडलिकशेटनी स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं होतं, परतही आणलं, रडलेही. तात्यांनी ‘आमची कुणावर तक्रार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला.

दहावं झाल्यावर मी एकटी कॅम्पवर गेले. आईची घमेली आणि डबा आणायचा होता. बाथरूमच्या भिंतीवर एक बोर्ड होता. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. पांढऱ्यावर लाल अक्षरं: ‘पाहुण्यांनी कृपया रबरी चप्पल घालूनच अंघोळ करावी. ओल्या हातांनी नळ धरताना काळजी घ्यावी.’

मी बराच वेळ त्या बोर्डासमोर उभी होते. साळुबाई माझ्यामागं येऊन उभी राहिली.

“हा कधी लावला, साळूमावशी?”

“दिवाळीनंतर. पाव्हणं बोंबलायला लागली ना, नळ धरला की मुंग्या येत्यात म्हणून. बाळाबाई रोज फडक्यानं पुसायची त्याला. एकदा मला म्हणली, काय लिवलंय गं ह्याच्यावर? म्या म्हणलं, मला इचारतीस व्हय? मीबी तुझ्याच साळंतली.”

आईला वाचता येत नव्हतं. मुंग्या येतात हे शेटना कळलं होतं, म्हणून त्यांनी बोर्ड लावला. आणि ज्या बाईच्या हातात दिवसभर ओला ब्रश असायचा, तिला तोंडानं सांगायला त्यांच्यापाशी एक वाक्य नव्हतं.

मी मागं गेले. खांबावरून शेडपर्यंत एकच तार आलेली होती. दुसरी, परतीची, कुठंच नव्हती. गिझरमधून निघालेली जाड हिरवी वायर सरळ खड्ड्यात उतरली होती. आमच्याकडं शेतात हे सर्रास करतात. एकच फेज असली की जमिनीत सळई ठोकायची, एक वायर तिला गुंडाळायची, राखणीपुरता एक बल्ब पेटतो. अमृतनं राखणीच्या बल्बाची युक्ती चार गिझरांना लावली होती.

वीज जशी येते तशी तिला परत जावं लागतं. परतीची तार नसली तर ती जमिनीतून जाते. खड्डा ओला असेपर्यंत तिला वाट मिळते. खड्डा वाळला की ती अडते, आणि खड्ड्याला जोडलेल्या प्रत्येक धातूवर चढते. गिझर, पाइप, नळ. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी नळ धरला की तिला वाट सापडते. अशा वेळी लाइन तोडणारी एक पेटी असते. ती साळुबाईनं मला कोठीच्या खोलीत दाखवली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. सारखी पडून लाइन बंद करायची म्हणून काढून ठेवली होती.

ती पडत होती, कारण ती तिचं काम करत होती.

त्या दिवशी माझ्या मनात एक इच्छा आली आणि ती गेली नाही. कुंडलिकशेटनी तोच नळ धरावा. अनवाणी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटले. ते खुर्चीतून उठले, माझ्यासाठी चहा मागवला.

“ताई, तुमी शिकलेलं माणूस. कागद बघा की. हार्टचं लिहिलंय डॉक्टरांनी. बाळाबाई मला घरच्यासारखी व्हती.”

“मग बोर्ड कशाला लावलात?”

“पाय घसरत्यात पाव्हण्यांचे.”

“आणि ओल्या हातांचं?”

“पेंटरनं लिहिलं आसंल हौसेनं.” ते हसले. “आन् काल तुमी मागं वायरी बघून गेलात, तर तुमच्या समाधानासाठी रातोरात अमृतला सांगून सगळी लाइन नवी करून घेतली. पोलवरनं तार आणली. झालं? चहा घ्या.”

चहा तसाच ठेवून मी खांबाकडं पाहायला गेले. एकच तार होती. अमृतनं शेटना ‘झालं’ म्हणून सांगितलं होतं आणि केलं काहीच नव्हतं. शेटनीही मान वर करून पाहिलं नव्हतं.

पोलिसांकडं गेले. त्यांनी अंगठा असलेला कागद दाखवला. अर्ज केले. पाहणी करू, म्हणाले. दीड महिना गेला. कॅम्प शनिवार-रविवार चालू राहिला. आता खड्ड्याला अमृत पाणी घालत होता.

मे महिन्यात तात्यांनीच विषय काढला. तात्या कमी बोलतात. “कुंडलिकशेटनं भंडारा उचलावा,” ते म्हणाले. “बिरोबाचं नाव घिऊन बोलला, तर मी मानंन. मग तूबी गप बसायचं.”

आमच्यात भंडारा उचलणं म्हणजे शेवटचं. अंगावर पाणी ओतून घ्यायचं, ओलेत्यानं, अनवाणी उभं राहायचं, तळहातावर हळदीचा भंडारा घ्यायचा आणि बोलायचं. भंडारा हातावर ठेवणारा माणूस, ज्याचं गेलं तो. त्यानं आपला हात समोरच्याच्या हाताखाली धरायचा. खोटं बोलणाऱ्याचं पुढं काय होतं, ते वस्तीवर कुणी मोठ्यानं बोलत नाही.

वस्तीतले जाणते धर्माजीबाबा निरोप घेऊन गेले. शेट लगेच हो म्हणाले. बुधवारी कॅम्प मोकळाच असतो, बुधवारी येतो म्हणाले. मूठभर हळदीनं प्रकरण मिटतंय म्हटल्यावर ते नाही कशाला म्हणतील?

ओलेतं अंग. अनवाणी पाय. मी तात्यांच्या तोंडून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. विजेला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

“धर्माजीबाबा,” मी विचारलं, “शपथ जागेवरच घ्यायची असते ना?”

“व्हय तर. जागा सोडून घेतलेली काय कामाची?”

“मग तीन नंबरच्या बाथरूममध्ये. डाव्या हातात भंडारा, उजवा हात त्या नळावर. आणि गिझर चालू. त्या दिवशी होता तसा.”

धर्माजीबाबांनी माझ्याकडं जरा रोखून पाहिलं. मग मान डोलावली. शेटना हे कळवलं तेव्हा ते फोनवर मोठ्यानं हसले म्हणे. “सरळ आंघोळच करतो की! लाइन नवी हाय आपली.”

बुधवारी उजाडताच मी मीटर घेऊन वर गेले. रविवारनंतर कॅम्प बंदच होता. खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता, मातीला बोटभर भेगा होत्या. मी गिझर लावले. मीटरची एक वायर तीन नंबरच्या नळाला लावली, दुसरी पाणी ओतून ओल्या केलेल्या फरशीला. एकशे अठरा. पुन्हा मोजलं. एकशे अठरा. एवढे व्होल्ट पुरतात. आईला पुरले होते.

गिझर बंद करून मी खड्ड्याच्या कडेला येऊन बसले.

सहाच्या सुमाराला अमृत आला. हातात भरलेली बादली. मला पाहून जागच्या जागी थांबला.

“ताई? इतक्या सकाळी?”

“बसलेय.”

“मी आपलं… झाडांला जरा पाणी.”

“इथं कुठलं झाड, अमृत?”

तो बादलीकडं पाहत राहिला. तिशीतला असेल. त्याच्या शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला होता.

“कालच घालायचं व्हतं,” तो पुटपुटला.

“काय?”

“काय न्हाई.” बादली तिथंच ठेवून तो खाली निघून गेला. ती बादली मी उचलून लांब नेली आणि करवंदीच्या जाळीत ओतली.

तो गेल्यावर मी शेडमधली मेनची पेटी उघडली आणि तिच्यासमोर उभी राहिले. किती वेळ ते माझ्या लक्षात नाही. मी काहीच केलं नाही तरी चालणार होतं. मी हात लावलेला नसता. लाइन त्यांची, वायरमन त्यांचा, शब्द त्यांचा, नळ त्यांनी आपल्या हातानं धरला असता, आणि तेही देवाचं नाव घेऊन. वस्ती म्हणाली असती, बिरोबानं बघून घेतलं. मला कुणी विचारलंही नसतं. मी पेटी लावली आणि खाली उतरले.

नऊला सगळे जमले. वस्तीवरची वीस-बावीस माणसं, बाया पत्र्याच्या सावलीला. शेट पांढऱ्या गाडीतून आले, बरोबर दोन माणसं. अमृत कडेला उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“शेट, जरा हिकडं या की,” तो म्हणाला.

“नंतर रं.”

“शेट, एक मिन्टाचं काम…”

“अरे नंतर म्हणलं ना! पूजेच्या टायमाला ह्याला कामं आठवत्यात.” शेट लोकांकडं बघून हसले. त्यांनी शर्ट काढून माणसाकडं दिला. धर्माजीबाबांनी विहिरीवरून आणलेला हंडा त्यांच्या डोक्यावर रिता केला. बनियन अंगाला चिकटलं. शेटनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि चपला काढायला वाकले.

“शेट, आसू द्या की चपला!” साळुबाई सावलीतून ओरडली. “बोर्ड लावलाय ना तुमीच!”

कुणीतरी हसलं, लगेच गप्प झालं. शेटनी एकदा बोर्डाकडं पाहिलं. “तोंड लई चालतं बाई तुझं,” म्हणाले, आणि चपला काढल्या. दाराबाहेर, आईच्या होत्या त्याच जागी.

आत शेट आणि तात्या, दारात धर्माजीबाबा. मी दाराबाहेर, गिझरच्या बटणाशी होते. तात्यांनी शेटच्या डाव्या तळहातावर भंडारा ठेवला आणि त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. तात्यांचे पायही अनवाणी होते. फरशीवर शेटच्या अंगावरचं पाणी पसरलं होतं.

मी बटण दाबलं. खटका सगळ्यांना ऐकू आला.

“बोला,” धर्माजीबाबा म्हणाले.

“बिरोबाच्या नावानं सांगतो,” शेटनी आवाज लावला. “बाळाबाई गेली त्या दिवशी ह्या नळात करंट नव्हता. आन् मला तसलं कायबी ठावं नव्हतं.”

“आता हात ठिवा.”

शेटचा उजवा हात नळाकडं निघाला. सावकाश, दिमाखात. हात आणि नळ यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं.

“शेट, नगा!” अमृत लोकांना ढकलत आला आणि दारात अडखळला. “हात लावू नगा! मराल! तार आणलीच न्हाई मी! सगळं खड्ड्यावर चाललंय, आन् खड्डा कोरडा हाय!”

शेटचा हात झटक्यात मागं आला.

“काय बडबडतोय हा? येडं झालंय.”

“येडं न्हाई, शेट. दिवाळीत तुमास्नी सांगितलं व्हतं. पाव्हण्यांला करंट लागतोय, तार आणू, पेटी परत बसवू. तुमीच म्हणला, शिजन झाल्यावर बघू, तवर बोर्ड लावू. पेंटर मीच आणला व्हता!”

बाहेर सावलीत एक लहान मूल रडत होतं, त्याची आई त्याला थोपटत होती.

“खोटं बोलतोय,” शेट म्हणाले. आवाज आता लागत नव्हता. “स्वतःच्या चुका माझ्या गळ्यात…”

“आसंल,” धर्माजीबाबा म्हणाले. “त्यो खोटं बोलत आसंल तर नळात काय न्हाई. मग ठिवा की हात.”

शेट उभे राहिले. कोपरावरून पाणी टपकत होतं. डाव्या मुठीत भंडाऱ्याचा चिखल झाला होता आणि बोटांच्या फटींतून पिवळे ओघळ तात्यांच्या हातावर उतरत होते. मी मनात मोजत होते. चाळीसपर्यंत मोजलं. हात वर आला नाही.

मग मी पर्समधून पांढरा चिनीमातीचा फ्यूज काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

“हा मेनच्या पेटीतला. सकाळपासून माझ्याकडं आहे. नळात काही नाही.”

शेटनी माझ्याकडं पाहिलं. मला मारतील असं वाटलं.

“फसवलंस तू,” ते म्हणाले.

“हो.”

मी चपला काढल्या, आत गेले आणि नळ धरला. थंड होता. “आता ठेवा हात, शेट,” मी म्हणाले. “फ्यूज माझ्या हातात आहे. नळ मी धरलाय. काही नाही. ठेवा.”

त्यांनी हात उचलला. तो अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. त्यांना सगळं दिसत होतं, समजतही होतं, तरी तो हात पुढं जाईना.

“चूक झाली माझ्याकडून,” शेवटी ते म्हणाले.

तात्यांनी आपला हात त्यांच्या हाताखालून काढून घेतला. तो पिवळा हात त्यांनी धोतराला पुसला नाही. “चूक न्हवं,” तात्या म्हणाले. “तुमाला ठावं व्हतं.”

त्याच दिवशी धर्माजीबाबांसकट अकरा माणसं दोन जीपमधून पोलीस ठाण्यात गेली. अमृतनं स्वतःच्या अक्षरात चार पानं लिहून दिली. कोठीतली पेटी, बोर्ड, हिरव्या वायरचे फोटो आणि मीटरचे आकडे मी तारीख-वेळेसकट दिले. तात्यांनी दुसऱ्या कागदावर अंगठा दिला, तो आधी मी त्यांना वाचून दाखवला. दोघांवर गुन्हा दाखल झाला. कॅम्पला सील लागलं. तारखा चालू आहेत, अजून बऱ्याच चालतील.

मी फ्यूज का काढला, असं साळुबाईनं नंतर एकदा विचारलं. दया आली का, म्हणाली. मी तिला खरं सांगितलं. दया आली नव्हती. पेटीसमोर उभी असताना माझ्या लक्षात आलं की भंडारा तात्या ठेवणार, आणि शेटचा हात त्यांच्या हातात असणार. एवढ्यासाठीच काढला. नाहीतर मी पेटी तशीच लावली असती.

साळुबाईची धाकटी बहीण शेटच्या गावात दिलेली आहे, तिच्याकडून बातम्या येतात. शेट घरच्या नळाला हात लावत नाहीत. दुसऱ्यानं भरलेल्या बादलीतून न्हातात, लाकडी पाटावर उभं राहून, पायांत रबरी चपला घालून. न्हायच्या आधी बायकोला मेन स्विच बंद करायला लावतात आणि दोनदा ओरडून विचारतात, बंद केलास का.

दर रविवारी साळुबाईचा फोन येतो. तात्यांची खुशाली सांगून झाली की ती थांबते, मी विचारण्याची वाट बघत.

“अजून?” मी विचारते.

“आजूनबी,” ती सांगते.

मग मी फोन ठेवते आणि सोमवारच्या तासांची तयारी करायला बसते.